लाल टोपीचं गाव

ओकायामा स्टेशन आलं की पुणेकर माणूस उगाचच आपुलकीने खिडकीबाहेर बघतो. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभी राहिली, एवढंच काय ते नातं. तिथून शिनकानसेन सुटली की पाऊण तासाच्या आत हिरोशिमा येतं. डाव्या हाताची खिडकी मिळाली असेल तर गाडीचा वेग उतरत असताना रुळांना लगटून असलेलं एक बेसबॉलचं मैदान दिसतं. खरीखुरी हिरवळ, लालभडक खुर्च्या. रुळांच्या बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्या मुद्दाम कमी ठेवल्या आहेत, म्हणजे गाडीतल्यांना खेळ दिसावा आणि खेळ बघणाऱ्यांना गाड्या.

हिरोशिमाला आपण सगळे ज्या कारणासाठी जातो त्याच कारणासाठी मी गेले होते. माझी भाची पुण्यात जपानी शिकली आणि आता नोकरीमुळे तिथेच राहते. तिने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, ‘‘मावशी, म्युझियम तू बघशीलच. पण इथल्या माणसांशी गप्पा मारायच्या असतील ना, तर कार्पचं काहीतरी विचार. मग बघ.’’

कार्प म्हणजे हिरोशिमा तोयो कार्प, इथला व्यावसायिक बेसबॉल संघ. जपानमध्ये असे बारा संघ आहेत, सहा सेंट्रल लीगमध्ये आणि सहा पॅसिफिक लीगमध्ये. बहुतेकांच्या नावाआधी कंपनीचं नाव असतं: योमिउरी हे वर्तमानपत्र, हानशिन ही रेल्वे, सॉफ्टबँक, राकुतेन. संघ ही त्या कंपनीची चालतीबोलती जाहिरात, तोटा झाला तर कंपनी सोसते. 1949 च्या अखेरीस कार्पची स्थापना झाली तेव्हा त्याच्यामागे असा कुणी धनीच नव्हता. प्रिफेक्चर, आसपासच्या नगरपालिका आणि स्थानिक धंदेवाले यांच्या भरवशावर संघ उभा राहिला. ओता नदीत कार्प मासे पुष्कळ आणि इथल्या किल्ल्याचं जुनं टोपणनावही कार्पवरूनच पडलेलं, म्हणून हे नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ट्रामने निघालो. 2025 च्या ऑगस्टपासून ही ट्राम थेट स्टेशनच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून सुटते. अणुबॉम्ब पडल्यावर अवघ्या तीन दिवसांत शहराच्या एका तुकड्यात ट्राम पुन्हा सुरू झाली होती, हे इथलं प्रत्येक माहितीपत्रक सांगतं. सांगावं असंच आहे ते. अणुबॉम्ब डोमच्या थांब्यावर उतरलं की एका बाजूला तो सांगाडा, ज्याचे फोटो आपण आयुष्यभर पाहिलेले असतात. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आता गेट पार्क नावाचं मोकळं उद्यान आहे. बहुतेक पर्यटक तिकडे वळतही नाहीत. पण 1957 पासून 2008 पर्यंत कार्पचं मैदान तिथे होतं. डोमच्या अगदी समोर. रात्रीच्या सामन्यांना दिवे लागत आणि हजारो माणसं ओरडत असत. जुन्या पायऱ्यांचा एक तुकडा आठवण म्हणून ठेवला आहे, आणि पहिल्या विजेतेपदाचं स्मारकही आहे.

त्या मैदानावर 6 ऑगस्टला, म्हणजे बॉम्ब पडल्याच्या तारखेला, सामना होत नसे. त्या दिवशी महापालिकेला सुट्टी, म्हणून पालिकेचं मैदानही बंद. 1958 नंतर हिरोशिमात 6 ऑगस्टला कार्पचा सामना झाला तो थेट 2011 साली, नव्या मैदानावर.

राखेतून उठलेलं शहर आणि त्याचा संघ, ही गोष्ट बाहेरच्यांना फार आवडते. ती खोटी नाही, पण गुळगुळीत आहे. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एकानेही कार्पची गोष्ट बॉम्बपासून सुरू केली नाही. त्यांची गोष्ट पैशांपासून सुरू होते. नसलेल्या पैशांपासून.

दुपारी आम्ही एका ओकोनोमियाकीच्या दुकानात बसलो. गरम तव्यावर पिठाचं पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, डुकराच्या मांसाचे काप, मग नूडल्स, अंडं आणि वरून गोडसर काळा सॉस. ओसाकावाले हे सगळं एकत्र कालवतात, हिरोशिमावाले थरांवर थर चढवतात, आणि यावरून दोन्ही गावांत कायमची कुरबुर आहे. दुकानाच्या मालकीणबाई युद्ध संपलं त्या वर्षीच्या. भिंतीवर सह्या केलेल्या टोप्या, कोपऱ्यात टीव्ही. भाचीने ‘मावशी भारतातून आल्यात, त्यांना कार्पबद्दल ऐकायचंय’ म्हटल्याबरोबर बाईंनी हातातला उलथना बाजूला ठेवला.

1950 हा कार्पचा पहिला हंगाम. 41 विजय, 96 पराभव, एक बरोबरी. आठ संघांत शेवटचा नंबर, पहिल्या संघापेक्षा 59 सामने मागे. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर तिजोरी रिकामी झाली, खेळाडूंचे पगार थकले आणि शिमोनोसेकीच्या तायो संघात कार्प विलीन करायचं घाटत होतं. संघाचे व्यवस्थापक इशिमोतो शुइची हे हिरोशिमाचेच. ते ऐकेनात. त्यांनी गावोगाव, कारखान्या-कारखान्यांत समर्थक मंडळं काढली आणि वर्गणी गोळा केली. मैदानाच्या दाराशी साकेची लाकडी पिंपं ठेवली गेली. येणाऱ्याने त्यात जमेल ते टाकायचं. घराघरांत छप्पर धड नाही, अशा काळात लोकांनी त्या पिंपांत नाणी टाकली.

बाईंच्या वडिलांनीही टाकली. ‘‘परतताना ट्रामचे पैसे उरले नव्हते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून आम्ही चालत घरी आलो. आई दोन दिवस वडिलांशी बोलत नव्हती.’’

ते पहिलं मैदानही कामचलाऊच होतं. बाहेरच्या बाजूला पक्क्या पायऱ्या नव्हत्या, नुसता दोर लावून प्रेक्षक बसवलेले. कार्पच्या बॅटरने चेंडू उंच मारला की प्रेक्षक दोर उचलून पुढे सरकत, म्हणजे चेंडू दोरापलीकडे पडून होम रन व्हावा, असं सांगतात. बाईंना ही गोष्ट सांगताना हसू आवरेना. खिलाडूवृत्तीबद्दल माझा प्रश्न भाचीने भाषांतर न करताच गिळला.

1952 साली लीगने फर्मान काढलं: जो संघ तीस टक्क्यांहून कमी सामने जिंकेल त्याचं विसर्जन होऊ शकेल. रोख कुणावर होता ते उघड होतं. कार्पने कसेबसे 31.6 टक्के सामने काढले आणि गंडांतर शोचिकु रॉबिन्स या दुसऱ्याच संघावर गेलं. त्या दिवसांत कार्पची भिस्त होती ती हासेगावा र्योहेइ या पिचरवर. उंची जेमतेम 1.67 मीटर. कारकिर्दीत 197 सामने जिंकले आणि 208 हरले, कारण तो उत्तम चेंडू टाकत असला तरी त्याच्यासाठी धावा करायला मागे कुणी नसे. 1955 मध्ये एकट्याने 30 सामने जिंकले. अशा संघाचा चाहता असणं म्हणजे काय, ते या आकड्यांवरून कळतं. 1950 ते 1974 या पंचवीस वर्षांत कार्प लीगच्या वरच्या तिघांत फक्त एकदा आला, 1968 मध्ये. त्याच वर्षी मोटारी बनवणाऱ्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीने, संघाचा मोठा हिस्सा घेतला आणि नावात ‘तोयो’ आलं. तरी कार्प माझदाचा झाला असं इथे कुणी मानत नाही. कंपनीही तसा दावा करत नाही.

‘बेअरफूट जेन’ ही चित्रकथा काढणारे नाकाझावा केइजी सहा वर्षांचे असताना बॉम्बमधून वाचले. त्यांचं ते पुस्तक जगभर गेलं. कार्पच्या जन्मावरही त्यांनी एक चित्रकथा काढली आहे, हे मात्र हिरोशिमाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. ते जन्मभर कट्टर कार्पवाले होते.

1975 साल उजाडलं तेव्हा संघ लागोपाठ तीन वर्षं तळाला होता. जो लुट्झ नावाचा अमेरिकन व्यवस्थापक नेमला गेला. त्याने पहिलं काम केलं ते टोप्या बदलण्याचं. निळी टोपी गेली, लाल आली. लाल रंग बायकांचा, म्हणून खेळाडू ती घालायला लाजत असत म्हणे. लुट्झ फार टिकला नाही. एप्रिलमध्येच पंचाशी त्याचं भांडण झालं, संघाच्या वरिष्ठांनी मैदानात येऊन त्यालाच आवरलं आणि तो चिडून गेला. पुढे कोबा ताकेशी यांनी सूत्रं घेतली आणि तळाचा संघ जिंकतच सुटला. सप्टेंबरात चुनिची संघाविरुद्धच्या सामन्यात होम प्लेटपाशी मारामारी झाली. चिडलेले चाहते मैदानात घुसले, आणि सुरक्षेची हमी नाही म्हणून दुसऱ्या दिवशीचा सामना रद्द करावा लागला. शांततेचं शहर म्हणून जगाला माहीत असलेल्या गावातली ही हकिगत मला मनापासून आवडली.

15 ऑक्टोबरला टोकियोत योमिउरी जायंट्सच्या मैदानावर कार्पने पहिल्यांदा सेंट्रल लीग जिंकली. गेल हॉपकिन्सने नवव्या इनिंगमध्ये तीन धावांचा होम रन मारला. हिरोशिमातल्या मिरवणुकीला सुमारे तीन लाख माणसं जमली. त्यांतल्या कित्येकांच्या हातांत घरातल्या गेलेल्या माणसांच्या फ्रेम केलेल्या तसबिरी होत्या. पिंपात पैसे टाकलेले, पण हा दिवस बघायला न उरलेले. आजही मे महिन्यात तिथे फ्लॉवर फेस्टिव्हल भरतो, त्याची कल्पना त्या मिरवणुकीतून निघाली.

मग चांगले दिवस आले. 1979, 1980 आणि 1984 मध्ये कार्पने दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली जपान सीरिजही जिंकली. 1979 च्या शेवटच्या सामन्यात कार्प एका धावेने पुढे, शेवटची इनिंग, तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी उभे आणि एकही आउट नाही. एनात्सु युताका या पिचरने त्यातून एकही धाव न देता संघाला बाहेर काढलं. त्या इनिंगमधले त्याचे 21 चेंडू जपानी क्रीडालेखनात अजून दळले जातात. आणि किनुगासा साचिओ. आई जपानी, वडील अमेरिकन सैनिक, जन्म क्योतोचा. 1970 ते 1987 सलग 2215 सामने तो खेळला आणि लू गेहरिगचा 2130 चा विक्रम मागे टाकला. 1979 मध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो बॅट घेऊन आला, तीन चेंडूंवर तीनदा पूर्ण ताकदीने बॅट फिरवली, तिन्ही चुकले, आउट होऊन परत गेला. दुकानातल्या बाईंनी हा प्रसंग उलथना फिरवून करून दाखवला.

संध्याकाळी सामन्याला गेलो. नवं माझदा स्टेडियम 2009 साली जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या जागेवर बांधलं. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालायचं. वाट विचारावी लागत नाही, लाल शर्टांच्या मागे जायचं. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणांवरही कार्पच्या बोधचिन्हातलं पोरगं. नेहमी निळी पाटी लावणारं लॉसन हे दुकान इथे लाल पाटी लावून बसलंय. गर्दीत आजोबा, नातू, ऑफिसातून थेट आलेले बाबू, शाळेच्या मैत्रिणी. शर्टांवर नंबर आणि नाव. 3, 8 आणि 15 हे नंबर आता कुणा खेळाडूला मिळत नाहीत. ते किनुगासा, यामामोतो कोजी आणि कुरोदा हिरोकी यांच्या सन्मानार्थ कायमचे बाजूला ठेवलेत. चाहत्यांच्या पाठीवर मात्र ते दर चार पावलांवर दिसतात.

मैदानात सुमारे 33,000 माणसं बसतात. आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे पायऱ्यांमागचा रुंद मार्ग. संपूर्ण मैदानाला फेरी मारता येते आणि चालता चालताही खेळ दिसत राहतो. आडवं पडून बघायच्या गाद्या आहेत, भाजत-खात बघायच्या जागा आहेत. जुन्या मैदानापासून चालत आलेला कार्प उदोन घ्यावा. उभ्या उभ्या खायचे जाड नूडल्स, वर तळलेली भजी आणि मांस. चव साधीच आहे. पण तो न खाता परतलात तर इथले लोक तुम्हाला माफ करणार नाहीत.

समोर योमिउरी जायंट्स. टोकियोचा श्रीमंत संघ, म्हणजे कार्पवाल्यांचा पिढीजात राग. क्रिकेटच्या मैदानावरचा आपला गोंगाट सहा-सात तास न थांबता चालतो. इथे गोंगाटालाही पाळी असते. आपला संघ बॅटिंगला आला की ट्रंपेट, ढोल, प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं. दुसऱ्याची बॅटिंग आली की सगळे खाली बसून खायला लागतात. हिरोशिमाची खास तऱ्हा म्हणजे उठाबशा. अर्धे उभे राहून नाव पुकारतात, ते बसले की उरलेले अर्धे उठून पुकारतात, हातातल्या छोट्या प्लॅस्टिकच्या बॅटी एकमेकींवर आपटत. पाचव्या इनिंगपर्यंत माझे गुडघे बोलू लागले. शेजारच्या आजी माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या असाव्यात आणि एकही उठाबशी चुकवत नव्हत्या. सातव्या इनिंगला ‘सोरे युके कार्प’ हे 1975 सालचं संघगीत लागलं, तेव्हा तीन पिढ्या न बघता म्हणत होत्या.

कार्प हरला. कुणी शिव्या दिल्या नाहीत. आजींनी भाचीला पंधरा मिनिटं पिचर कधी बदलायला हवा होता ते समजावलं.

हरण्याची सवय या लोकांना पुरेशी आहे. 1991 च्या विजेतेपदानंतर पंचवीस वर्षं काही नाही. त्यातली 1998 ते 2012 ही पंधरा वर्षं सलग खालच्या तिघांत. 1993 मध्ये खेळाडूंना काही वर्षांनंतर संघ निवडायची मुभा मिळाली आणि कार्पने घडवलेले खेळाडू जास्त पैसे देणाऱ्यांकडे जाऊ लागले. कार्प 1975 पासून कोरोनापर्यंत दरवर्षी नफ्यात राहिला, तो उधळपट्टी न करूनच. महागडी बोली लावायची नाही, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आणायची आणि रगडून तयार करायची. डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही त्यांनी 1990 साली शाळा काढली. पुढे अमेरिकेत नाव काढलेला अल्फोन्सो सोरियानो तिथूनच आला आणि लवकरच गेलाही. चाहत्यांच्या दृष्टीने सगळं दुखणं इथेच आहे. पोरगा आपण वाढवायचा आणि तो ऐन भरात आला की दुसऱ्याच्या घरी पाठवायचा.

म्हणून कुरोदाचं एवढं कौतुक. 2006 मध्ये त्याला जाण्याची मुभा मिळाली तेव्हा चाहत्यांनी मैदानात प्रचंड फलक लावून त्याला साद घातली आणि तो एक वर्ष थांबला. मग अमेरिकेत सात हंगाम खेळला. 2015 साली तिथल्या संघांनी देऊ केलेले कितीतरी पट पैसे नाकारून तो चाळिशीत परत आला. त्याच वर्षी हानशिनला गेलेला अराई ताकाहिरोही परतला. तो जाताना त्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनीच त्याला उचलून धरलं, आणि 2023 च्या हंगामापासून तो संघाचा व्यवस्थापक झाला. 10 सप्टेंबर 2016 ला टोकियोत कार्पने लीग जिंकली, त्या रात्री हिरोशिमा परिसरातल्या साठ टक्क्यांहून जास्त घरांत टीव्हीवर तोच सामना चालू होता. मिरवणुकीला पुन्हा तीन लाखांच्या वर माणसं आणि पुन्हा तसबिरी. 2017 आणि 2018 मध्येही लीग जिंकली. जपान सीरिज मात्र 1984 नंतर आजतागायत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर हंगाम मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. तिकिटाची सोय आधी करा. 2019 च्या फेब्रुवारीत नुसत्या तिकीट खरेदीच्या सोडतीच्या चिठ्ठ्या घ्यायला पन्नास हजारांच्या आसपास माणसं मैदानापाशी येऊन थडकली होती. छप्पर नाही, जोराचा पाऊस आला तर सामना रद्द. पाहुण्या संघाच्या चाहत्यांना डाव्या बाजूला वर एक चिंचोळी फाक दिलेली असते. चुकून तिथलं तिकीट घेतलंत तर लाल शर्ट घालू नका.

शेवटच्या दिवशी मियाजिमाचं देऊळ बघायचं ठरलं होतं. उठाबशावाल्या आजींच्या सल्ल्यावरून आम्ही त्याऐवजी इवाकुनीजवळच्या युउला गेलो. कार्पचा दुसऱ्या फळीचा संघ डोंगरातल्या त्या मैदानावर खेळतो. पायऱ्या नाहीत, गवताचा उतार आहे. दुपारच्या उन्हात निवृत्त मंडळी डबे आणि वह्या घेऊन बसली होती. वहीत एकोणीस वर्षांच्या पोरांचे चेंडू, धावा, चुका. ‘हा दोन वर्षांत वर जाईल,’ एका गृहस्थांनी पेन्सिलीने नाव दाखवलं. यातला कोण पुढे टोकियोवाल्यांकडे पळेल, याचीही त्यांच्याकडे वेगळी यादी तयार होती.